मौलमीनचा दाखला

शेरिंगहॅम, नॉरफोक
१२ फेब्रुवारी १९४८

श्रीमती ल्यूकस यांस,

आपलं डिसेंबरातलं पत्र काल मिळालं. आपलं अक्षर बावीस वर्षांनी पाहिलं, तरी पाकिटावरूनच ओळखलं.

ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यामुळे आपल्यापुढे उभी राहिलेली अडचण समजली. आपण ब्रिटिश आहात याचा पुरावा रंगूनच्या कचेरीला हवा आहे. म्हणजे दोन कागद. एक, वडील इंग्लंडात जन्मल्याचा. दुसरा, त्यांचं आपल्या आईशी रीतसर लग्न झाल्याचा. पहिला मिळवणं अवघड नव्हतं. वॉल्टर थर्सबी नॉर्विचला जन्मले, त्या नोंदीची नक्कल सोबत जोडली आहे. ती मी माणुसकी म्हणून पाठवते आहे. मी काही नातं मान्य करते आहे, असा तिचा अर्थ काढू नये.

दुसऱ्या कागदाविषयी. मौलमीनचं चर्च युद्धात बॉम्ब पडून जळालं, नोंदवह्याही गेल्या, हे वाईटच झालं. पण जे घडलंच नाही त्याची नोंद असणार कुठून? माझ्या वडिलांचं एकच लग्न झालं, ते माझ्या आईशी, १९०० साली, नॉर्विचला. त्यांची पेटी मी तळापर्यंत पाहिली. सागाच्या ओंडक्यांच्या मापांच्या वह्या, हत्तींच्या औषधांची एक डायरी, एक तुटकी छत्रीची मूठ आणि क्लबातल्या नाचाची आमंत्रणं, एवढंच आहे. आपल्याला हवा तसा कागद त्यात नाही.

१९२६ साली वडील वारले तेव्हा आपण सांत्वनाच्या पत्रात ‘आपल्या दोघींचे वडील’ असं लिहिलं होतं. तो शब्द अनवधानाने आला असावा, असं मी तेव्हा कळवलं होतं. या पत्रातही तो आला आहे.

आई सत्तर वर्षांची आहे आणि तिची तब्येत नाजूक आहे. आपल्या पत्राबद्दल मी तिला काही बोललेले नाही. पुन्हा लिहायचं झालंच तर पत्र घरी न पाठवता शाळेच्या पत्त्यावर पाठवावं. तो खाली दिला आहे.

आपली,
डब्ल्यू. थर्सबी


३० मे १९४८

प्रिय श्रीमती ल्यूकस,

तुमचं पत्र शाळेत आलं, ते मी भूगोलाच्या तासाला पुस्तकात ठेवून वाचलं. दाखल्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. फक्त तुमच्या आई, मा श्वे, एकतीस साली गेल्या एवढं कळवलंत, आणि शेवटच्या दिवसांत त्या ‘माझी गोरी पोर जेवली का’ असं विचारत होत्या, एवढंच.

मा श्वे गेल्या हे मला ठाऊकच नव्हतं. सतरा वर्षं मी त्यांना जिवंत धरून चालले होते. मौलमीनच्या त्या मागच्या ओट्यावर बसून त्या अजून तांदूळ निवडताहेत, असंच माझ्या मनात होतं. त्या माझी आया होत्या. सात वर्षांची होईपर्यंत मी त्यांच्याच हातचं जेवले, आणि उन्हात जायच्या आधी गालाला लावायचा तो गार लेप त्याच लावायच्या. आईला तो आवडत नसे, म्हणून आत यायच्या आधी पुसूनही टाकायच्या. तुमच्या मात्र गालावर तो दिवसभर असायचा. याचा मला किती हेवा वाटायचा, ते तुम्हाला कधी कळलं नसेल.

मला शिकवायला बाई यायच्या तेव्हा तुम्ही दाराआड बसायचात, तेही मला माहीत होतं. माझी गणितं तुम्ही करून द्यायचात. आणि माझ्या वडिलांना तुम्ही ‘साहेब’ म्हणायचात.

मला इकडे नॉर्विचला आत्याकडे पाठवलं तेव्हा मी ब्रह्मीच जास्त बोलायचे. आत्यानं टेबलावर एक पट्टी ठेवली होती. ब्रह्मी शब्द आला की हातावर एक. सहा महिन्यांत माझी ती भाषा साफ गेली. आता एक शब्द येत नाही. पण गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा माझ्या तोंडून काहीतरी निघालं. काय होतं ते कळलं नाही, इंग्लिश नव्हतं एवढं नक्की.

इथे शाळेत मला चाळीस वर्षं झाली तरी ‘आमची ब्रह्मी’ असंच म्हणतात. म्हणजे इथे शिकत होते तेव्हा मुली म्हणायच्या, आता शिकवते तर बरोबरीच्या शिक्षिका. जानेवारीत मिस हाइड चहा पिता पिता सगळ्यांदेखत म्हणाली, “थर्सबी, तुझा देश गेला गं साम्राज्याच्या नकाशावरून! आता आमच्यातच राहावं लागणार बाई तुला.” सगळ्या हसल्या. मीही हसले.

तुम्हाला इथे यायचं आहे, पण नीट विचार करा. इथे फार थंडी असते. साखर, लोणी, अंडी, सगळं अजून मापानं मिळतं. लोक वाईट नाहीत, पण आपण होऊन दार उघडत नाहीत. तुम्ही तिथे रुग्णालयात मेट्रन आहात, लोक तुमचा मान ठेवतात. तुमचे यजमान बेचाळीस साली, जपानी आल्यावर, हिंदुस्थानच्या वाटेवर पायी चालताना गेले, हे वाचून वाईट वाटलं. तेव्हाच कळवायला हवं होतंत, असं लिहिणार होते. पण कुणाला कळवणार होतात?

तुमची,
विनिफ्रेड थर्सबी


१० सप्टेंबर १९४८

प्रिय हेस्टर,

मौलमीन बंडखोरांच्या हाती गेल्याचं वर्तमानपत्रात चार ओळींत आलं आहे. त्याच्याखाली कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात होती. त्या चार ओळी मी इतक्यांदा वाचल्या की कोंबड्यांचं खाद्यही मला पाठ झालं. तू आहेस ना? नुसतं ‘आहे’ एवढं तरी लिहून पाठव.

आज मला एक गोष्ट कबूल करायची आहे. फेब्रुवारीत मी तुला खोटं लिहिलं.

तो दाखला आहे. वडिलांच्या हत्तींच्या डायरीच्या पुठ्ठ्यात, अस्तराच्या आत तो घातलेला होता. तुझं पत्र यायच्या कितीतरी आधी, युद्धाच्या काळात घर आवरताना तो मला सापडला होता. ‘वॉल्टर थर्सबी, वय पंचवीस, सागवान कंपनीत नोकर, आणि मा श्वे, वय एकोणीस, मौलमीनची रहिवासी.’ पाद्र्याची सही, दोन साक्षीदार, २ जून १८९७. तुझ्या आईनं सही ब्रह्मी अक्षरांत केली आहे. गोल गोल, एकही अक्षर न थरथरता.

सापडला तेव्हा मी तो वाचला आणि परत होता तिथे ठेवला. मनात म्हटलं, ही कुणी दुसरीच मा श्वे असेल.

तुझं मे महिन्यातलं पत्र आल्यावर मी क्रोमरला वकील मिस्टर बॅरो यांच्याकडे गेले. एका मैत्रिणीची हकीकत आहे असं सांगून विचारलं. ते म्हातारे आहेत आणि विनोद केल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही.

ते म्हणाले, “सोपं आहे. बाप इंग्लंडचा आणि लग्न रीतसर, तर मुलगी ब्रिटिश. लग्न नसेल तर जिथे जन्मली तिथली.”

मी विचारलं, “आणि त्या माणसानं पहिली बायको असताना इंग्लंडात दुसरं लग्न केलं असेल तर?”

“तर ते लग्न लग्नच नव्हे.”

“आणि त्या दुसरीची मुलगी? तीही ब्रह्मदेशातच जन्मलेली असेल तर?”

“अरे वा!” ते हसायलाच लागले. “मग काटेकोर बघायचं तर गंमतच झाली. मागच्या ओट्यावरची ती इंग्लिश, आणि दिवाणखान्यातली ही ब्रह्मी!” मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. चष्मा काढून पुसला. म्हणाले, “मिस थर्सबी, तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, घाबरू नका. इतक्या वर्षांनी कुणी तुम्हाला बोटीत बसवून परत पाठवणार नाही.”

हेस्टर, मी जन्मभर या गावात ‘ब्रह्मी’ म्हणवून घेतलं, कारण मला माहीत होतं की मी ती नाही. ते खरं असू शकतं म्हटल्यावर मला त्या खुर्चीवरून उठता येईना.

दाखला मी तुला पाठवत नाही. आई आहे तोवर नाही. तिच्या खोलीत भिंतीवर तिच्या लग्नाचा फोटो आहे, आणि सकाळी उठल्यावर ती आधी त्याच्याकडे बघते. अठ्ठेचाळीस वर्षांनी तिला मी काय सांगू? ‘तू लग्नाची बायको नव्हतीस’ असं? तुला हे पटणार नाही. तुझी आई त्याच घरात माझे कपडे धूत होती, हे मी विसरलेले नाही.

थोडं थांब. एवढंच मागते.

विनिफ्रेड


२१ नोव्हेंबर १९४८

प्रिय हेस्टर,

तू जिवंत आहेस हे कळलं, जीव भांड्यात पडला. तुझं पत्र एका ओळीचं होतं. “मी थांबते आहे.” त्यात राग आहे की नाही ते मला ठरवता येईना. एक आठवडा मी ते पत्र पुन्हा पुन्हा काढून बघत होते. मग रविवारी दुपारी, चर्चहून आल्यावर, दाखला काढून आईच्या पुढ्यात ठेवला.

तिनं चष्मा लावला. पूर्ण वाचला, पाद्र्याच्या नावासकट. मग म्हणाली, “हा अजून आहे होय? वॉल्टरनं जाळला म्हणून सांगितलं होतं मला. त्यानं सांगितलं म्हणजे ठेवलाच असणार.”

मी म्हटलं, “मम्मा, तुला माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यातच.” चहाचा पेला तिच्या हातातच होता. “बावीस वर्षांची होते मी. बोटीनं सहा आठवडे ओकत गेले. घराच्या पायऱ्यांवर ती उभी, आणि कडेवर दोन वर्षांची पोर. त्या पोरीचे कान वॉल्टरचे. मी विचारलं, ही कोण? तो म्हणाला, घर सांभाळणारी आहे. मी म्हटलं, मग सांभाळू दे.”

“तू तिला काढलं का नाहीस?”

“काढली असती तर गावभर बोलली असती. पगारावर ठेवलेलं माणूस बोलत नाही, विनी. आणि तू झालीस तेव्हा तुला तिच्याच हातात दिलं. मला वाटलं, माझ्या पोरीवर जीव जडला की ती आपलं काही मागणार नाही. तसंच झालं.”

मी तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, “असं बघू नकोस माझ्याकडे. मी परत येऊन काय सांगणार होते इथे? बापाच्या घरी तीन बहिणी लग्नाच्या होत्या. तिथली प्रत्येक मडम डोळे मिटून राहायची. मी एकटीनं उघडायचे?”

एवढं बोलून तिनं दाखल्याची घडी घातली, पुढे वाकली आणि तो शेकोटीत टाकला.

आता मी जे लिहिते आहे ते नीट वाच, कारण मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. ती म्हातारी आहे. वाकायला तिला वेळ लागतो. खुर्चीची मूठ धरली, मग काठी बाजूला ठेवली, मग वाकली. मी तीन पावलांवर होते. मला उठता आलं असतं. कागद कोपऱ्याकडून पेटला, मधली सही शेवटी गेली, तोवरही चिमट्यानं काढता आला असता. मी उठले नाही. आईनं जाळला असं म्हणून मी मोकळी होऊ शकते. पण आम्ही दोघींनी मिळून जाळला.

त्यानंतर ती म्हणाली, “चहा निवला. दुसरा आण.” आणि मी तो आणला.

माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. हे पत्र तुला पाठवायची हिंमत होईल का, तेही माहीत नाही. पाठवलं, तर तू परत कधी लिहिणार नाहीस. ते बरोबरच होईल.

विनिफ्रेड


१४ जानेवारी १९४९

प्रिय हेस्टर,

मागचं पत्र तुला मिळालं असेलच. उत्तराची वाट न बघता हे लिहिते, कारण काम झालं आहे.

नाताळच्या सुट्टीत मी पुन्हा मिस्टर बॅरोंकडे गेले. म्हटलं, “त्या मैत्रिणीची गोष्ट...” ते म्हणाले, “मिस थर्सबी, मैत्रीण राहू दे आता. बसा.”

दाखला जळाला हे सांगितलं. कसा, तेही. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, “कागद गेला तर माणूस साक्षीला उभं करायचं. तुम्ही तो वाचला होता?”

“कितीतरी वेळा.”

“तारीख, नावं, पाद्री, साक्षीदार?”

“सगळं पाठ आहे.”

“मग शपथेवर लिहून द्या. पण एक सांगतो. ही साक्ष तुमच्याच मुळावर येणारी आहे. तुमच्या आईचं लग्न, तुमचा जन्म, सगळं त्यात येणार. आणि गंमत म्हणजे त्यामुळेच ती खरी धरतील. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला कुणी खोटं बोलत नाही.”

मी लिहून दिलं. ‘मी, विनिफ्रेड थर्सबी, वॉल्टर थर्सबी यांची दुसऱ्या आणि कायद्यानं अग्राह्य संबंधातून झालेली मुलगी, शपथेवर सांगते की हेस्टर ल्यूकस, पूर्वाश्रमीची थर्सबी, ही त्यांची लग्नाची व थोरली मुलगी आहे...’ चार पानं आहेत. त्यांच्या कारकुनानं टंकलेखन केलं आणि एकदाही मान वर केली नाही. बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. बाहेर आले तर समुद्रावरून असा वारा सुटला होता की टोपी उडाली, आणि मी रस्त्यात एकटीच हसले.

आईला संध्याकाळी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हापासून माझ्याशी फक्त औषधापुरतं बोलते.

साक्षीची एक प्रत रंगूनच्या कचेरीला गेली आहे, एक तुला. कचेरीतून काय कळतं ते लिही. मला न लिहिलंस तरी चालेल, मिस्टर बॅरोंना लिही.

तुझी बहीण,
विनिफ्रेड


२ ऑक्टोबर १९४९

प्रिय हेस्टर,

तुला पासपोर्ट मिळाल्याचं आणि लीड्सच्या रुग्णालयानं तुला नोकरी देऊ केल्याचं मिस्टर बॅरोंकडून कळलं. त्यांनी तुझं पत्र मला दाखवलं. त्यात माझे आभार मानले आहेत. ‘मिस थर्सबी यांचे’ असे.

आई ऑगस्टमध्ये गेली. शेवटचे आठ-दहा दिवस ती मला ओळखत नव्हती. गावातल्या कुणाही बाईला कळलं नाही ते मला तेवढं कळत होतं, की ती मला सारखी तुझ्या आईच्या नावानं हाक मारत होती. पाणी मागायची. पाणी दिलं की म्हणायची, “तू जाऊ नकोस हं. तू गेलीस तर मी काय करू इथे?” मी म्हणायचे, नाही जात.

दगडावर काय कोरायचं, हा प्रश्न होता. वडिलांच्या शेजारीच जागा आहे. मी फक्त नाव आणि वर्षं कोरून घेतली. पाद्रीसाहेब म्हणाले, “ ‘प्रिय पत्नी’ राहिलं की, मिस थर्सबी.” मी म्हटलं, दगड लहान आहे.

घरात आता मी एकटीच. तीन खोल्या बंद करून टाकल्या आहेत. उजेडाची एक आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. तू येशील तेव्हा ती तुझ्यासाठी उघडीन. राहायला ये असं म्हणत नाही. एखाद्या दिवसासाठी ये.

विनिफ्रेड


२५ एप्रिल १९५०

प्रिय हेस्टर,

शनिवारी तू आलीस आणि चार दहाच्या गाडीनं गेलीस. तुझा मुक्काम रविवारपर्यंत ठरला होता. रुग्णालयात काम निघालं असं तू म्हणालीस, आणि मी हो म्हटलं. आपण दोघीही मौलमीनच्या त्या घरच्याच, वाढताना जे शिकलो ते विसरलो नाही.

स्टेशनवर मी तुला ओळखलं नव्हतं. मी डोळ्यांसमोर अकरा वर्षांची अनवाणी मुलगी धरून उभी होते. गाडीतून निळा कोट, हातमोजे, नीट बसवलेली टोपी घातलेली एक बाई उतरली, आणि माझ्याहून स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाली, “तू विनिफ्रेड असणार. वडिलांची हनुवटी आहे तुला.” हे मला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. म्हणू शकणारं कुणी उरलंच नव्हतं.

जेवायला मी खेकडे आणले होते. तू हातानं फोडलेस, नखी चोखलीस आणि म्हणालीस, “आई याच्यात चिंच घालायची.” मग आपण बराच वेळ काही बोललो नाही. मला तो शांतपणा आवडला होता. किती आवडला ते तुला तिथेच सांगायला हवं होतं.

तुला तुझ्या आईबद्दल विचारायचं होतं. तू म्हणालीस, “एक खरं सांग. ती तुझ्या आईला बाईसाहेब म्हणायची, तेव्हा तुला काय वाटायचं?” मी खरं सांगितलं, काही वाटत नव्हतं. तू मान हलवलीस. “मलाही वाटायचं नाही,” म्हणालीस, “तेच वाईट.”

त्यानंतर आपण मिस्टर पेगच्या दुकानात गेलो. चहाची पत्ती संपली होती. रांगेत मिसेस गॉट्स होत्या, त्या वाकून तुझ्याकडे बघत होत्या. “पाहुण्या वाटतं, मिस थर्सबी? कुठल्या?” आणि मी तोंड उघडलं.

मी म्हटलं, “ब्रह्मदेशातल्या आमच्या जुन्या ओळखीच्या आहेत.”

त्यावर त्या तुला, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “आमचं... गाव... आवडलं... का?” आणि तू म्हणालीस, “फार सुंदर आहे, धन्यवाद. वारा जरा जास्तच आहे, नाही?” मिसेस गॉट्स थक्क झाल्या. “बाई, किती छान बोलता हो तुम्ही! कुठे शिकलात?” तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “दाराआड.”

रस्त्यानं येताना तू मला बोल लावला नाहीस. मीच काहीतरी बोलत राहिले, भरतीबद्दल.

बायबलवर हात ठेवून चार पानं सांगितली मी. तेव्हा वाटलं होतं, अवघड ते झालं. पण ती पानं पाकिटात बंद होऊन हजारो मैल दूर गेली होती. इथे फक्त सात बायका आणि एक वाणी होता, आणि एक शब्द म्हणायचा होता.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल, आणि तुझी आई जन्मभर देतच आली.

विनिफ्रेड


१४ मे १९५०

प्रिय हेस्टर,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल असं धरूनही मी चाललेले नाही. पण एक घडलं आहे ते तुला कळायला हवं.

त्या शनिवारानंतर मी दोनदा दुकानापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले. रांग होतीच. मिसेस गॉट्स होत्या, आमच्या शाळेतली मिस हाइड होती, आणखी चार-पाच जणी. माझी पाळी आली. मिस्टर पेगनी रेशनचं पुस्तक घ्यायला हात पुढे केला. मी पुस्तक न देताच मागे वळले आणि म्हटलं, “मिसेस गॉट्स, मागे माझ्याबरोबर ज्या बाई आल्या होत्या, त्या ओळखीच्या नव्हेत. माझी बहीण आहे ती. थोरली.”

मिसेस गॉट्स म्हणाल्या, “बहीण? म्हणजे सावत्र, अर्धी का?”

“वडिलांची लग्नाची मुलगी ती. त्यांच्या पहिल्या बायकोची. ती बायको जिवंत असताना त्यांनी माझ्या आईशी लग्न लावलं. तेव्हा अर्धी कुणी असेलच, तर ती मी.”

मिस हाइडनं पिशवीत बघायला सुरुवात केली, जशी काही तिची एखादी वस्तू हरवली होती. मिस्टर पेगनी बेकन कापलं, कागदात बांधलं, आणि विचारलं, “आणखी काही?”

“चहा,” मी म्हटलं.

त्याचे परिणाम जे व्हायचे ते होत आहेत. मिस हाइड आता चहाला माझ्या शेजारी बसत नाही. ‘आमची ब्रह्मी’ असं तर आता कुणीच म्हणत नाही, आणि खरं सांगू, त्याची मला थोडी चुटपुट लागली आहे. चर्चमधल्या फुलांच्या यादीतून माझं नाव वगळलं आहे, कुणी न बोलता. पाद्रीसाहेब येऊन गेले. म्हणाले, मेलेल्यांना का उकरायचं? मी म्हटलं, दोघी अजून जिवंत आहोत. ते चहा अर्धा टाकून गेले. शाळेचं अजून काही कळलेलं नाही. दिवसदिवस कुणाशी बोलणं होत नाही. संध्याकाळी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचते, घरात आवाज असावा म्हणून.

हे तुझी दया यावी म्हणून लिहीत नाही. तू याहून किती अधिक एकटी राहिली आहेस, आणि तेही भरल्या घरात, हे मला आता कुठे कळायला लागलं आहे.

लिहायचं कारण वेगळंच आहे. काल शनिवारी दुकानात गेले. मिस्टर पेग वजन करता करता, सगळ्यांदेखत, अगदी सहज म्हणाले, “काय मिस थर्सबी, तुमच्या बहिणीचं बरं आहे ना?” रांगेतल्या सगळ्या बायका थांबून ऐकायला लागल्या.

मी म्हटलं, “बरं आहे. लीड्सला असते. कामात असते फार.”

हे खरं की खोटं, मला माहीत नाही. ते पुढच्या शनिवारीही विचारतील, तसा त्यांचा स्वभावच आहे. तुला मला काही लिहायचं नसेल तर नको लिहूस. पण बरी आहेस का, एवढं एका ओळीत कळव. त्यांना खोटं सांगायचं माझ्या फार जिवावर येतं.

विनिफ्रेड